फोन वाजला की गाडी थांबते

अकोल्याच्या जठारपेठेत राहणाऱ्या देवराव तायड्यांना घोषवाक्य स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, ही बातमी खुद्द देवरावांनी फार शांतपणे घेतली. म्हणजे त्यांनी ती फक्त ऑफिसातल्या झाडून सगळ्यांना, किराणावाल्याला, दूधवाल्याला आणि नळ यायची वाट पाहत उभ्या असलेल्या अख्ख्या रांगेला सांगितली. त्या दिवशी नळ आलाच नाही, त्यामुळे रांगेला ती दोनदा ऐकावी लागली.

स्पर्धा अमरावतीच्या सुरक्षित वऱ्हाड मंडळाची होती. रस्ता सुरक्षा सप्ताहाचे दिवस होते आणि विषय होता वाहन चालवताना मोबाइलवर बोलणं. मोबाइल तेव्हा नुकता सगळ्यांच्या खिशात आला होता आणि खिशातून निघून खांदा आणि कान यांच्या मधल्या जागेत कायमचा राहायला गेला होता. निम्मं अकोला मान वाकडी करून स्कूटर चालवत होतं. देवरावांनी बरेच दिवस डोकं खाजवून लिहिलं, 'चालवताना बोलू नका, बोलताना चालवू नका.'

शेजारच्या अब्दुल गफ्फारभाईंचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान होतं, त्यामुळे रस्त्यावरच्या कुठल्याही बाबतीत त्यांचा शब्द जठारपेठेत शेवटचा मानला जाई. त्यांनी घोषवाक्य ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "देवरावजी, बात तो एकच हाय. तुमी उलटी करून दोन खेपा सांगून राहिले."

देवरावांना हे फार लागलं. पहिला भाग चालवणाऱ्यांसाठी आहे आणि दुसरा बोलणाऱ्यांसाठी, असं त्यांनी शुद्ध मराठीत समजावून सांगितलं. मानाला धक्का लागला की देवराव शुद्ध बोलू लागत. यावर गफ्फारभाईंनी विचारलं की चालवणारा आणि बोलणारा हे दोन वेगळे इसम आहेत काय. त्यानंतर दोघांचं दोन दिवस बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी गफ्फारभाईंच्या बायकोनं, हलीमाबींनी, शेवयांची खीर पाठवली तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

पण खरी गोष्ट बक्षिसाची नव्हतीच. देवरावांचा सारा जन्म रेकॉर्ड रूममध्ये, धुळीनं भरलेल्या गठ्ठ्यांत गेला होता. तिथे माणसाला हाक मारतात ती फाइल पाहिजे असते म्हणून. माइकवरून आपलं नाव घेतलं जावं, त्याच्या आधी 'श्री' लागावं आणि खाली बसलेल्या लोकांनी मान वळवून पाहावं, ही त्यांची आयुष्यातली एकच हौस शिल्लक होती. तसं एकदा त्यांचं नाव माइकवर घेतलं गेलं होतं, पण ते बसस्टँडवर, छत्री विसरल्याबद्दल. आता मात्र अमरावतीच्या सभागृहात सकाळी अकरा वाजता, प्रमुख पाहुण्यांच्या समोर, साक्षात मंचावरून त्यांचं नाव पुकारलं जाणार होतं. त्यांची मुलगी भावना अमरावतीला शिक्षिका होती. ती सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या रांगेत बसणार होती.

अमरावतीला एसटीनं जावं, असं देवरावांच्या बायकोचं, भागीरथाबाईंचं, म्हणणं होतं. पण सत्कारमूर्ती एसटीतून उतरतो, हे चित्र देवरावांना पटेना. गफ्फारभाईंनीच शोधून दिलेली जुनी पांढरी मारुती दारात होती. प्रश्न होता तो फोनचा. ज्याच्या घोषवाक्याला बक्षीस, त्यानं ते पाळलंच पाहिजे. म्हणून देवरावांनी प्रवासाचे नियम केले. फोन वाजला की गाडी रस्त्याच्या कडेला थांबेल. देवराव खाली उतरतील, बोलतील, मग पुन्हा गाडी निघेल.

"मंग मी कशाले हावो बाजूले बसून?" भागीरथाबाई म्हणाल्या. "मी उचलतो ना फोन."

देवरावांनी त्यांना सांगितलं की शेजारचा माणूस फोनवर बोलला तरी चालकाचं चित्त विचलित होतं, तसं एका पत्रकात छापलेलं आहे. आणि शेवटी जरा गडबडीत त्यांच्या तोंडून खरं कारणही निसटलं. "तुले नाई समजत त्यातलं." भागीरथाबाईंनी नव्या लुगड्याच्या निऱ्या नीट केल्या. देवरावांना वाटलं, मुद्दा पटला.

सकाळी गाडी निघाली तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनी सल्ले दिले. एकानं काच उघडी ठेवायला सांगितलं, दुसऱ्यानं बंद. गफ्फारभाईंनी चारी टायरांना लाथा मारून पाहिल्या आणि एकाला जास्तीची मारली. हलीमाबींनी खिडकीतून डबा आत दिला. देवरावांनी पांढरा शुभ्र कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्याच्या खिशात फोन होता. गाडी हलली तसं त्यांच्या छातीत असं काही धडधडू लागलं की इंजिनाचा आवाज कुठला आणि आपला कुठला हे त्यांना कळेना.

शिवणीच्या पुढे पहिला फोन वाजला. देवरावांनी आरशात पाहिलं, सिग्नल दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, उतरले, दार लावलं आणि फोन कानाला लावला. निघाले का, एवढंच गफ्फारभाईंना विचारायचं होतं. तेवढ्यात एक सायकलवाला थांबला आणि पेट्रोल सपलं काय, म्हणून विचारू लागला. देवरावांनी हातानंच नाही म्हटलं. तो निघून गेला आणि थोड्या वेळानं बाटलीत पेट्रोल घेऊन परत आला. त्याचं मन मोडू नये म्हणून देवरावांना ते टाकीत ओतून घ्यावं लागलं.

आपल्या वऱ्हाडातल्या रस्त्यांची हीच तर पंचाईत आहे. पुण्यामुंबईकडे तुमची गाडी पेटली तरी लोक शिस्तीत बाजूनं निघून जातील. इथे तुम्ही नुसते कडेला उभे राहा, तुम्हाला मदत झाल्याशिवाय राहत नाही. गाडी बंद पडलेली नाही, हे सांगून कोणाला पटत नाही. कारण गाडी चालू असताना फोनसाठी थांबणारा माणूस त्या रस्त्यानं तोवर पाहिलेलाच नव्हता.

दुसरा फोन तेल्हाऱ्याहून मेहुण्याचा, भगवंताचा आला. भगवंत फोनवर बोलू लागला की पीकपाण्यापासून निघून सुनेच्या माहेरापर्यंत जाऊन मगच थांबतो. देवराव वाहनांच्या आवाजाकडे पाठ करून, एका कानात बोट घालून ऐकत होते. तेवढ्यात माणसांनी खच्चून भरलेली एक काळीपिवळी जीप येऊन थांबली. त्यातले सगळे टपाटप उतरले. कोणी काही विचारलंसुद्धा नाही. एकानं खिडकीतून हात घालून हँडब्रेक सोडला आणि सगळ्यांनी मिळून गाडी ढकलायला सुरुवात केली. देवरावांनी अभिनंदनाबद्दल भगवंताचे आभार मानून मागे पाहिलं, तर गाडी नव्हती. ती बरीच पुढे, बोरगावच्या दिशेनं चालली होती आणि आत भागीरथाबाई डबा मांडीवर घेऊन सरळ बसल्या होत्या.

देवराव धावत गाडीपर्यंत पोचले तेव्हा इस्त्री संपलेली होती. "तू काही बोलली काहून नाई?" त्यांनी विचारलं.

"मले काय समजते त्यातलं," भागीरथाबाई म्हणाल्या.

मग भावनाचे फोन सुरू झाले. बाबा, कुठपर्यंत आले? काटेपूर्णेच्या पुलाआधी एकदा, मूर्तिजापूरच्या अलीकडे एकदा आणि पलीकडे एकदा. दर वेळी आरसा, सिग्नल, हँडब्रेक, दार. दर वेळी देवराव तिला सांगत की तू फोन केला नसता तर आणखी पुढे आलो असतो. दर वेळी तिला हे पटे आणि काळजीनं ती पुन्हा फोन करी. सभागृह भरत आलं होतं. पहिल्या रांगेत बाबांच्या नावाची चिठ्ठी लावलेली खुर्ची होती. हे ऐकल्यावर देवरावांनी तिला विचारलं की चिठ्ठीवर 'श्री' आहे काय. भावना उठून बघून आली आणि म्हणाली, आहे. देवराव परत गाडीत बसले तेव्हा त्यांना चावी लावायची कुठे तेच आठवेना.

हिवरखेडीच्या फाट्यावर पुन्हा फोन वाजला. या खेपेला ऑफिसातले बडे बाबू होते, म्हणजे हेडक्लार्क. त्यांचा फोन येणं हीच मोठी गोष्ट होती, म्हणून देवराव जरा ताठ उभे राहून बोलत होते. समोरून संत्र्यांचा टेम्पो आला. त्याचा चालक एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्यानं फोन धरून मोठ्यानं हसत होता. मारुती पाहताच त्यानं टेम्पो थांबवला. त्याचं नाव ओमप्रकाश. फोनवरच्या माणसाला थांबायला सांगून त्यानं भागीरथाबाईंना काय झालं ते विचारलं. काही झालं नाही, फोनवर बोलून राहिले, असं त्यांनी सांगितलं.

"चांगली गाडी कोन थांबवते बाई," ओमप्रकाश म्हणाला आणि त्यानं बॉनेट उघडलं.

देवराव हेडक्लार्कसाहेबांना मधेच तोडू शकत नव्हते. ते हातानं खुणा करत होते आणि त्या खुणांचा अर्थ ओमप्रकाशनं 'अजून आत पाहा' असा घेतला. त्यानं एक झाकण काढलं. त्यातून इंजिनाला ठिणगी वाटणारा बोटाएवढा रोटर काढला, जिभेनं पुसला, उन्हात धरून पाहिला. तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. तो बोलू लागला. बोलता बोलता त्यानं झाकण लावलं, बॉनेट आपटलं, देवरावांना हात केला, टेम्पोत बसला आणि मान वाकडी करून बोलतच निघून गेला.

मारुती काही केल्या सुरू होईना. चावी फिरवली की ती म्हाताऱ्यासारखी खोकायची आणि गप्प व्हायची. देवरावांनी बॉनेट उघडून आत पाहिलं. आत पुष्कळ काही होतं. त्यातलं काय नाही, हे कळायला आधी काय होतं ते माहीत असावं लागतं. सभागृहातली खुर्ची, तिच्यावरची चिठ्ठी आणि चिठ्ठीवरचा 'श्री' त्यांच्या डोळ्यांपुढे आला. त्यांना रडू यायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात गावाकडून माणसं येताना दिसली. पुढे सरपंच पार्बताबाई, त्यांच्या मागे काठी टेकत शेतकरी डोमाजी, मागे शाळेच्या लोखंडी खुर्च्या डोक्यावर घेतलेली काही माणसं. एकाच्या हातात ताट होतं. ताटात शाल आणि नारळ.

"या सायेब," पार्बताबाई म्हणाल्या. "सांगून आले असते तं चहा मांडून ठेवला असता."

त्या वर्षांत आपल्या भागात समित्यांचा फार सुकाळ होता. कपाशीचं काय झालं, शेतकऱ्याचं काय झालं, हे पाहायला मुंबईहून एक समिती यायची, ती परतीच्या वाटेवर असतानाच दिल्लीहून दुसरी यायची. हिवरखेडी फाटा हमरस्त्याला लागून. गाडीतून उतरलं की दोन पावलांवर डोमाजींचं वावर. बूट खराब होत नसत, त्यामुळे सगळ्या समित्या तिथेच थांबत. त्यांच्या येण्याजाण्यानं त्या वावरात एक चांगली पायवाट पडली होती. दाखवायला सोपं जावं म्हणून डोमाजी काडेपेटीत एक बोंडअळी ठेवत आणि ती मेली की दुसरी पकडत. शाल आणि नारळ ग्रामपंचायतीचे होते. सत्कार झाला की साहेब लोक ते खुर्चीवरच विसरून जात आणि गाव ते पुढच्या समितीसाठी पुन्हा कपाटात ठेवी.

आपण समिती नाही, असं देवरावांनी शुद्ध मराठीत सांगितलं. त्या शुद्ध मराठीनं उरलासुरला संशयही गेला.

"मागचेबी असंच म्हनत होते," डोमाजी समजुतीनं म्हणाले. "गाडी पांढरी, शर्ट पांढरा, अन् गाडीतून उतरून फोनवर बोलून राहिले. या रस्त्यानं आमच्यासारखा मानूस चालत्या गाडीतच बोलते, बाप्पा. थांबून बोलते तो वर कळवनारा असते."

देवरावांना खुर्चीवर बसवण्यात आलं. कोणी तुरीच्या उकडलेल्या शेंगा आणल्या. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. डोमाजींनी काडेपेटी उघडून अळी दाखवली. भोवती माणसं गोळा झाली आणि सगळी एकटक देवरावांच्या तोंडाकडे पाहू लागली. रेकॉर्ड रूममध्ये असं कधी कोणी पाहिलं नव्हतं. मी सांगतो ते खोटं वाटेल, पण देवरावांची पाठ आपोआप सरळ झाली. त्यांनी अळीकडे पाहून मान हलवली. मग पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, एक झाड वाकवून पानं पाहिली. मग घसा खाकरून म्हणाले, "बरं, आणि फवारणी किती वेळा केलीत आपण?"

भागीरथाबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "यायले काई समजत नाई, बाई," त्या पार्बताबाईंना म्हणाल्या. "हे रेकॉर्ड रूममधी असतेत. बक्षीस घ्याले चालले होते."

देवराव कानापर्यंत लाल झाले. त्यांनी खांद्यावरची शाल काढून घडी केली आणि सगळी हकीकत सांगून टाकली. घोषवाक्य, नियम, टेम्पोवाला, अकरा वाजताचा कार्यक्रम, सगळं. आणि हे सगळं त्यांनी साध्या वऱ्हाडीत सांगितलं, कारण आता मान वगैरे काही उरलं नव्हतं.

"थांबा जराशे," पार्बताबाई म्हणाल्या. "म्हंजे गाडी चांगली होती, अन् तुमी निव्वळ फोनसाठी थांबले?"

"हो."

लोकांनी आजवर दिल्लीचे साहेब पाहिले होते, टीव्हीवाले पाहिले होते, एक परदेशी बाईसुद्धा पाहिली होती. पण देवरावांकडे त्यांनी जसं पाहिलं तसं कोणाकडेच पाहिलं नव्हतं. डोमाजींनी घोषवाक्य पुन्हा म्हणायला लावलं. देवरावांनी म्हटलं. आता हे म्हणणार की एकच गोष्ट दोनदा सांगितली, म्हणून त्यांनी मान खाली घातली.

पण डोमाजी तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी रस्त्याकडे काठी केली आणि सांगू लागले. शाळा पलीकडे आणि गाव अलीकडे. रोज पोरं हा रस्ता ओलांडतात. गाडीवाल्यांचे डोळे समोर असतात, पण लक्ष फोनमधल्या माणसाकडे. मागच्या महिन्यात एक मोटरसायकलवाला बोलता बोलता डोमाजींच्या बैलगाडीच्या चाकावर आदळून नालीत पडला. नालीतूनच तो फोनवर म्हणाला, एक मिनिट होल्ड कर. मग उठला, कपडे झटकले आणि पुढचं बोलणं नालीत उभं राहूनच पुरं केलं. बैल वाचले. पोरगं असतं तर वाचलं नसतं.

"समित्या आल्या तं पऱ्हाटीचं इचारतेत," पार्बताबाई म्हणाल्या. "सांगतो आमी. पन ज्या रस्त्यावर गाडी उभी करतेत त्या रस्त्याचं कोनी इचारत नाई. आमाले इथं गतिरोधक पायजे. तुमी तिथं माइकवर सांगान काय?"

देवरावांना एकदम काहीतरी झालं. इतका वेळ त्या मंचावर त्यांना फक्त आपलं नाव दिसत होतं. आता त्या नावाच्या पुढे सांगायला काहीतरी होतं. सांगतो, असं ते म्हणाले आणि त्यांच्या लक्षात आलं की गाडी बंद आहे.

तेवढ्यात भागीरथाबाईंनी सगळ्यांना रस्त्याकडे पाहायला सांगितलं. एक कार भरधाव येत होती. चालकाचा हात कानाला. गर्दी, खुर्च्या आणि मध्ये हातात फोन घेतलेला पांढऱ्या शर्टचा माणूस पाहताच त्याचा हात चटकन खाली आला, गाडी सावकाश झाली आणि तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून शाळेतल्या मुलासारखा निघून गेला. मागच्या ट्रकनंही तेच केलं. मोटरसायकलवाल्यानं तर फोन थेट बनियनमध्ये टाकला. तपासणी चालू आहे, असं सगळ्यांना वाटत होतं. देवराव तिथे नुसते उभे होते आणि साऱ्या हमरस्त्याला शिस्त लागत होती. पार्बताबाईंनी त्यांना एवढ्या मायेनं आठवडाभर राहायचा आग्रह केला की देवराव क्षणभर विचारात पडले.

मग मूर्तिजापूरकडून तोच टेम्पो परत आला. गर्दी पाहून ओमप्रकाशनं आधी फोन सीटखाली लपवला आणि मग खाली उतरला. तंबाखूची पुडी काढायला त्यानं खिशात हात घातला होता आणि पुडीऐवजी रोटर निघाला होता. त्यानं मुकाट्यानं तो जागेवर बसवला. गाडी एका चावीत सुरू झाली. "फोन आला ना मधातच," तो एवढंच म्हणाला. डोमाजींनी काठी जमिनीवर आपटली. घोषवाक्याला याहून चांगला साक्षीदार मिळाला नसता.

अकरा कधीच वाजून गेले होते. निघताना देवरावांनी शाल आणि नारळ परत केले, आणि पार्बताबाईंनी ते घेतलेही, कारण गुरुवारी आणखी एक समिती येणार होती. देवरावांनी गाडी अशी हाणली की कुरुम कधी मागे पडलं ते कळलं नाही. फोन वाजू नये म्हणून ते मनातल्या मनात फोनलाच विनवत होते. तो वाजला नाही. बडनेऱ्याच्या पुलावर गाडी चढली, मागे ट्रक, पुढे ट्रक, बाजूला कठडा, आणि नेमका तिथे वाजला.

थांबायला तसूभर जागा नव्हती. फोन छातीवर थरथरत होता. वाजून बंद पडला आणि पुन्हा वाजू लागला. देवरावांचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला, शर्टाच्या खिशापर्यंत गेला. हिवरखेडीचा फाटा त्यांना आठवला, नालीतला मोटरसायकलवाला आठवला. हात पुन्हा स्टिअरिंगवर गेला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

भागीरथाबाईंनी हात लांब करून त्यांच्या खिशातून फोन काढला, हिरवं बटण दाबलं आणि कानाला लावला. इतक्या सराईतपणे की देवराव पाहतच राहिले. त्यांना तेव्हा कळलं की ऑफिसला जाताना आपण घरी विसरलेला फोन दुपारी भावनाशी बोलायला वापरला जात होता.

"हो भावना, बोल," भागीरथाबाई म्हणाल्या. मग बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा हळूहळू असा फुलत गेला की देवरावांना पुढचा ट्रक दिसेना. "परत एक खेप लाव बरं माइकले," त्या म्हणाल्या. पुन्हा ऐकलं. पदरानं डोळे पुसले.

देवरावांनी तोंड उघडलं. भागीरथाबाईंनी तळहात उभा केला.

"चालवताना बोलू नका," त्या म्हणाल्या.

मग त्या फोनमध्ये बोलू लागल्या, आणि पलीकडे फोन कोणी माइकसमोर धरला आहे हे देवरावांना त्यांच्या आवाजावरूनच समजलं. "जयभीम, नमस्कार. मी देवराव तायड्यांची बायको बोलून राहिली. ते गाडी चालवून राहिले, म्हून बोलत नाईत. त्यायनं लिवलं तेच ते करून राहिले. सकाळपासून फोन वाजला की थांबले, म्हून तर उशीर झाला. हिवरखेडी फाट्यावर शाळेचे पोरं रस्ता वलांडतेत. तिथं गतिरोधक पायजे. तुमच्यातले जे सायेब आज त्या रस्त्यानं आले असतीन, त्यायनं आठवून पाहा, तुमाले तो फाटा दिसला होता काय. बस, एवढंच."

मग त्या एवढ्याशा फोनमधून फोडणी पडावी तसा तडतडाट ऐकू आला. टाळ्या होत्या. पूल उतरेपर्यंत त्या चालू होत्या.

पहिली जागा दिसताच देवरावांनी गाडी कडेला घेतली. आरसा, सिग्नल, हँडब्रेक. "नाव घेतलं काय माह्यं?" त्यांनी विचारलं.

"घेतलं. श्री देवराव संपतराव तायडे, अकोला. दोन खेपा घेतलं."

"परत सांग."

भागीरथाबाईंनी परत सांगितलं, माइकवरच्या माणसाच्या आवाजात. देवरावांनी डोळे मिटून ऐकलं. तेवढ्यात एक मोटरसायकलवाला थांबला आणि खिडकीत वाकून पेट्रोल सपलं काय, म्हणून विचारू लागला. देवरावांनी इतक्या आनंदानं नाही म्हटलं की तो बिचारा घाबरून निघून गेला.

सभागृहात ते पोचले तेव्हा सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं. भावना दारात सन्मानचिन्ह घेऊन उभी होती. बक्षिसाचा खोका प्रायोजक दुकानदारानं दिलेला होता. त्यात मोबाइल स्टिअरिंगजवळ अडकवायचं एक सुरेख स्टँड निघालं. भागीरथाबाईंनी ते पर्समध्ये टाकलं. आज ते त्यांच्या स्वयंपाकघरात आहे, चष्मा ठेवायला फार सोयीचं पडतं.

परतीच्या वाटेवर ऊन कलत आलं होतं. हिवरखेडी फाटा जवळ येताच देवरावांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या शर्टचा एक माणूस उभा होता, हात कानाला लावून. जवळ गेल्यावर कळलं, ते डोमाजींच्या वावरातलं बुजगावणं होतं. अंगात शाळेतल्या मास्तरांचा शर्ट. कानाशी अर्धी करवंटी, म्हणजे समित्यांचा नारळ अखेर फुटला होता. आणि खांद्यावर ग्रामपंचायतीची ती शाल, व्यवस्थित घडी करून घातलेली.

देवराव गाडीतून उतरले. त्यांनी बुजगावण्याकडे पाहिलं. त्याच्या पोटावर कोळशानं लिहिलं होतं, श्री देवराव. त्यांनी त्याची शाल थोडी सारखी केली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. गफ्फारभाई होते. कार्यक्रम कसा झाला, ते विचारत होते. देवराव तिथेच, बुजगावण्याच्या शेजारी, फोन कानाला लावून सांगू लागले.

कुरुमकडून एक मोटरसायकल येत होती. मान वाकडी, खांद्यात फोन. दोघांना पाहताच चालकानं फोन खिशात टाकला, गाडी हळू केली आणि जाताना दोघांनाही नमस्कार केला.